लग्नात छोट्यांना काम देताय? आधी एवढं करा

माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीकडे एकच काम होतं. नवरीच्या पुढे चालायचं आणि टोपलीतल्या पाकळ्या टाकत जायचं. अर्ध्या वाटेपर्यंत बाई झोकात गेल्या. मग थांबल्या, फतकल मारून खाली बसल्या आणि टाकलेली एकेक पाकळी वेचून पुन्हा टोपलीत भरू लागल्या. मागे नवरी खोळंबलेली, पाहुणे हसतायत आणि मी बाजूने दबक्या आवाजात "ऊठ गं, चल गं" करतेय. तिला काही कळेना. कळणार तरी कसं? घरी आठवडाभर जी तालीम घेतली, तिच्यात पाकळ्या टाकून झाल्या की पसारा आवरायला मीच लावत होते. तिच्या लेखी ती काम पूर्ण करत होती.

त्याच लग्नात माझ्या सहा वर्षांच्या भाच्याकडे अंगठीची डबी दिली होती. "काहीही झालं तरी कुणालाही द्यायची नाही" हे त्याला निदान चार जणांनी बजावलं होतं. नवरदेवाने हात पुढे केला, तर पठ्ठ्याने डबी पाठीमागे लपवली.

मुलं गोंधळ घालतात असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की ती शब्दशः ऐकतात आणि गोंधळ आपल्या सांगण्यात असतो. दोन वर्षांनी भावाच्या लग्नात याच दोघांना पुन्हा काम दिलं, सोबत एक धाकटंही होतं. तेव्हा काय वेगळं केलं ते क्रमाने लिहिते.

## १. आधी मुलाला विचारा, मग होकार कळवा

लग्नघरातून फोन आला की आपण "हो, हो, करेल की!" म्हणून मोकळे होतो. थांबा. मुलाला एकटं गाठून, चारचौघांत नव्हे, काम सांगा. "मामाच्या लग्नात तू पुढे चालायचंस, हातात टोपली असेल, खूप माणसं बसलेली असतील. आवडेल?" माणसं असतील हे लपवू नका, पण "सगळे तुझ्याकडेच बघणार!" असंही म्हणू नका. मोठ्यांना ते कौतुक वाटतं, लाजऱ्या मुलाला ती धमकी वाटते.

नाही म्हणालं तर नाही. एखादं आडोशाचं काम सुचवून बघा. पाहुण्यांच्या सह्यांच्या वहीपाशी पेन द्यायचं, आजीचा हात धरून तिला खुर्चीपर्यंत न्यायचं. ज्या मुलांना पुढे चालायला नको असतं, त्यांना अशी कामं फार आवडतात.

## २. काम वयाच्या मापाचं निवडा

दोन वर्षांच्या आतलं मूल: याला काम देऊ नका. कुणाच्या तरी कडेवर बसून यावं, फोटोत दिसावं, एवढंच. चालू लागलेलं मूल ठरलेल्या दिशेला चालतं असं नाही.

अडीच ते चार: साधारण अडीच वर्षांच्या मुलाला दोन पायऱ्यांची सूचना समजते. "खेळणं ठेव आणि दार लाव" या धर्तीची. त्याहून लांबलचक काही सांगू नका. "चाल आणि पाकळ्या टाक" इथे काम संपलं पाहिजे. शक्यतो थोड्या मोठ्या मुलाचा हात धरून चालू द्या.

पाच ते सात: पाच वर्षांचं मूल एखाद्या गोष्टीत पाच ते दहा मिनिटं लक्ष देऊ शकतं. म्हणजे डबी नेऊन द्यायला ते तयार असतं, पण नंतर पाऊण तास पुढे गप्प उभं राहायला नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते: काम दोन मिनिटांचं आणि उभं राहणं अख्ख्या विधीभर.

आठच्या पुढे: यांना छोट्यांचे पुढारी करा. मात्र धाकट्यांना सांभाळण्याची पूर्ण जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. तीही मुलंच आहेत.

## ३. लग्नघराकडून हे लिहून घ्या

फोनवरचं बोलणं विसरलं जातं आणि लग्नघरात प्रत्येक जण वेगळं सांगतो. त्यामुळे एकाच माणसाकडून, मेसेजवर, पुढच्या गोष्टी मागून घ्या:

- मुलाने कुठून निघायचं, कुठे पोचायचं, आणि पोचल्यावर कुठे जायचं
- अंदाजे वेळ, आणि उशीर झाला तर तो कोण कळवणार
- त्या वेळी कोणतं संगीत वाजणार
- कपडे कुणी ठरवायचे, खर्च कुणाचा (हे आधी बोललेलं बरं, नंतर कटकट होते)
- शांत बसायला, कपडे बदलायला खोली आहे का
- स्वच्छतागृह कुठे आहे
- मुलांचे फोटो कोण काढणार, आणि ते समाजमाध्यमांवर टाकायला तुमची हरकत आहे का

लग्न परदेशात असेल तर मुलाचा पासपोर्ट आणि जन्मदाखल्याची प्रत आधी काढून ठेवा. एकच पालक मुलाला घेऊन प्रवास करणार असेल, तर काही देशांत दुसऱ्या पालकाचं लेखी संमतिपत्र मागतात. तिकिटं काढण्याआधीच याची चौकशी करा.

## ४. कपडे: आरशासमोर नाही, बाथरूममध्ये घालून बघा

लेकीचा पहिला झगा दिसायला परीसारखा होता. आत टोचणारी जाळी, पाठीवर अकरा बटणं. ऐन वेळी "आई, शू" झाली तेव्हा त्या अकरा बटणांनी घाम फोडला. आता माझा नियम असा की लग्नाचे कपडे घालून मूल घरच्या स्वच्छतागृहात एकदा जाऊन आलं पाहिजे. तिथे जे अडेल ते लग्नात दुप्पट अडतं.

मग बाकीच्या चाचण्या: दोन्ही हात वर करता येतात का, मांडी घालता येते का, जिना चढताना पायघोळ पायात येतो का, शिवण कुठे टोचते का. टोचत असेल तर आतून सुती बनियन घाला. मुलं भराभर वाढतात, त्यामुळे कपडे फार आधी शिवून ठेवू नका आणि शेवटचं माप लग्नाच्या दोन आठवडे आधी पुन्हा बघा.

बूट निदान चार-पाच दिवस घरात रोज थोडा वेळ घालायला लावा. नवे तळवे गुळगुळीत असतात आणि चकचकीत फरशीवर घसरतात. त्यांच्यावर पॉलिश-पेपर हलक्या हाताने फिरवला की पकड येते.

केसांतलं किंवा कपड्यांवरचं काही लुकलुकणारं असेल तर ते उलटून बघा. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ती वस्तू सरळ बाजूला ठेवा, कितीही गोड दिसो.

## ५. तालीम: इथे वेळ घालवा

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, ही पायरी टाळू नका.

आधी गोष्ट. बाहुल्या किंवा ठोकळे घेऊन लग्न मांडा: ही नवरी, हा मामा, ही तू. तू इथून निघतेस, इथे पोचतेस, मग बाबांच्या मांडीवर जाऊन बसतेस. स्वमग्न मुलांसाठी अशी चित्रांची गोष्ट करतात, आधी काय, मग काय, शेवटी काय. माझ्या मते ती कुठल्याही मुलाला उपयोगी आहे. आम्ही चार कागदांवर काड्यांची माणसं काढली. लेक ते कागद झोपताना उशाशी घ्यायची.

मग चालणं. दिवसातून एकदा, पाच-सात मिनिटं, आठवडाभर. एकदम अर्धा तास रगडू नका, मूल कंटाळतं आणि मग त्या कामाचाच राग धरतं. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या रेघा मारा आणि सांगा, "प्रत्येक रेघेवर एक मूठ." नाहीतर पहिल्याच पावलावर टोपली उपडी होते.

नंतर माणसं. रिकाम्या खोलीत उत्तम चालणारं मूल चेहऱ्यांची रांग दिसली की थिजतं. आम्ही आधी दोन्ही बाजूंना उशा मांडल्या आणि त्यांना पाहुण्यांची नावं दिली. एक लोड तर कायम झोपणारे आजोबा होते. दोन दिवसांनी उशांच्या जागी शेजारची खरी माणसं बसवली. त्यांना मोबाइल वर धरायला सांगितलं, टाळ्या वाजवायला सांगितलं, मधेच मुलीला हाक मारायलाही सांगितलं. लग्नात कुणी ना कुणी "इकडे बघ, इकडे बघ" करतंच. त्या दिवशीचं गाणंही तालमीत तेवढ्याच मोठ्या आवाजात लावा.

आणि शेवट. तालीम जिथे संपते तिथेच मुलाच्या मते काम संपतं. माझी लेक पाकळ्या वेचायला बसली ती यामुळेच. दुसऱ्या खेपेला मी तिला स्पष्ट सांगितलं, "टाकणं तुझं काम, वेचणं मोठ्यांचं काम." आणि दर तालमीनंतर मी स्वतः वेचत बसले. कंबर धरली, पण सवय मोडली.

भाच्याच्या तालमीत आम्ही देण्यावर भर दिला. "मामाने हात असा पुढे केला की डबी त्याच्या हातावर ठेवायची आणि हात मोकळे करायचे." मोकळे हात हवेत हलवून दाखवायचा खेळच झाला. लग्नातही त्याने हलवले. फोटोत तो भाषण संपवलेल्या पुढाऱ्यासारखा दिसतो.

एक खबरदारी: मुलाच्या हातातल्या डबीत खरी अंगठी ठेवू नका. खरी मोठ्यांच्या खिशात असू द्या. खरीच हवी असा हट्ट असेल तर ती फितीने बांधा, पण एका ओढीत सुटणारी गाठ मारा. घट्ट गाठ सोडवत बसलेला नवरदेव मी पाहिला आहे.

## ६. सांगताना "नको" ऐवजी "कर"

"पळू नकोस" यात मुलाच्या कानावर मुख्य शब्द पडतो तो पळणं. "मुंगीच्या पावलांनी चाल" म्हणा. "गडबड करू नकोस" ऐवजी "हात टोपलीवर ठेव." "नीट वाग" याला तर अर्थच नाही, मुलाला नीट म्हणजे काय ते दिसत नाही. "आपली लाज काढू नकोस" हे वाक्य घरातल्या कुणाच्या तोंडी येणार असेल तर आधीच त्यांना बाजूला घेऊन बोला.

आमिषाबद्दल लोकांची मतं वेगळी आहेत. माझं असं: चालण्याच्या शेवटी ओळखीचा, आवडीचा माणूस हात पसरून बसलेला असणं हे सर्वांत मोठं आमिष. त्याच्याकडे एखादी छोटीशी गंमत असली तर हरकत नाही. पण "नाही चाललीस तर मिळणार नाही" ही धमकी झाली, आणि घाबरलेल्या मुलाला ती अजूनच जमिनीला खिळवते.

## ७. प्रत्येक मुलामागे एक मोकळा माणूस

पहिल्या लग्नात मी नवरीची बहीणही होते आणि मुलीची आईही. दोन्हीपैकी एकही धड जमलं नाही. दुसऱ्या वेळी नवऱ्याला या एकाच कामाला बांधलं. पाहुण्यांची ने-आण नाही, हिशेब नाही, कुणाचा फोन घ्यायचा नाही. नातेवाइकांनी नाकं मुरडली, मुरडू द्या.

खरं तर दोन माणसं लागतात: एक निघण्याच्या जागी, एक पोचण्याच्या जागी. पोचण्याच्या जागचा माणूस मुलाच्या उंचीवर, म्हणजे गुडघ्यावर बसलेला हवा. उभ्या माणसांच्या गर्दीत मुलाला फक्त पाय दिसतात.

## ८. जागा आदल्या दिवशी दाखवा

मुलाला घेऊन निघण्याच्या जागेपासून पोचण्याच्या जागेपर्यंत एकदा चाला. स्वच्छतागृह दाखवा, शांत खोली दाखवा. हरवलंस तर कुठे उभं राहायचं तेही ठरवा, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला आपला फोन नंबर पेनाने लिहा.

मूल फिरत असताना तुम्ही हे बघून घ्या:

- मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर पेटती ज्योत आहे का. जाळीचे कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून अंगाला चिकटतात.
- फुलदाण्यांत पाण्यात फुगणारे रंगीत मणी आहेत का. ते गोळ्यांसारखे दिसतात, मूल तोंडात टाकतं आणि ते पोटात फुगून आतडं अडवू शकतात. असतील तर उचलायला लावा.
- टोपलीत कोणती फुलं येणार. कण्हेर विषारी असते, ती नको. काटे काढलेले हवेत. पाकळ्या ओल्या असतील तर त्यांच्यावरून मागून येणारी नवरीच घसरेल.
- स्पीकर कुठे आहेत.

स्पीकरबद्दल थोडं जास्त. मोठ्या माणसांच्या कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाजात आठ तासांची मर्यादा धरतात. दर ३ डेसिबल वाढले की ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. नाचगाण्याच्या स्पीकरजवळ एवढा आवाज सहज होतो. मूल तिथे थांबणार असेल तर आवाज रोखणारे कानावरचे लहान मुलांचे मफ घ्या. गाणी ऐकायचे हेडफोन चालत नाहीत.

## ९. पिशवी

मोकळ्या माणसाच्या खांद्यावर राहील अशी एकच पिशवी, आणि तिच्यात:

- पूर्ण बदलायचे कपडे, दोन चड्ड्या
- डाग न पडणारा कोरडा खाऊ आणि साधं पाणी. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे दाणे आणि कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात
- सेफ्टी पिना, सुई-दोरा, छोटी कात्री
- ओले रुमाल, जखमेवर लावायची चिकटपट्टी
- रोजची औषधं, आणि अॅलर्जी असेल तर तिची चिठ्ठी
- आवाज न करणारं एक खेळणं, एक चित्रांचं पुस्तक
- मुलाचं जुनं पांघरूण किंवा जे काही चिकटून झोपतं ते

खाताना लग्नाच्या कपड्यांवर बाबांचा जुना शर्ट उलटा घालून मागे बटणं लावा. दिसायला विनोदी, पण त्याहून चांगला लाळेरा मला सापडलेला नाही.

## १०. त्या दिवशी

सगळ्याच्या मुळाशी झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२. आदल्या रात्री घरात जागरण असतंच. मुलाची झोपायची जागा त्या कल्लोळापासून लांब ठेवा. कार्यक्रम दुपारच्या झोपेच्या वेळी असेल तर मूल आधी झोपवून आणा, पण निघण्याच्या तोंडावर उठवू नका. नुकतंच उठलेलं मूल कुणाचंच नसतं.

क्रम असा ठेवा: पोटभर खाणं, शू, मग कपडे, लगेच फोटो, मग काम. फोटो कामानंतर काढू म्हटलं की ते रडके येतात. आणि कपडे शेवटच्या अर्ध्या तासातच घाला.

निघण्याच्या जागी मुलाला पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं करू नका. "आता, आता" करत पाऊण तास ताटकळलेलं मूल गाणं सुरू होईपर्यंत संपलेलं असतं.

ऐन वेळी "मी नाही जाणार" आलं तर? एकदा विचारा, "माझा हात धरून जायचं का?" नाही म्हणालं, तर उचलून कडेला घ्या आणि पुढचं माणूस निघू द्या. समजूत काढायला ही वेळ नाही. हा पर्याय नवरा-नवरीला आधीच सांगून ठेवला की त्यांच्याही चेहऱ्यावर ताण दिसत नाही. भावाच्या लग्नात धाकट्याने असंच केलं. बाबांच्या खांद्यावरून त्याने सगळ्यांना टाटा केला आणि त्याचं काम तेवढ्यावर झालं.

## ११. काम झाल्यावर

लगेच कपडे बदला, नंतरचा कार्यक्रम साध्या कपड्यांत होऊ द्या. शक्य असेल तर मुलांना लवकर घरी न्या. रात्री दहानंतर फरशीवर झोपलेल्या मुलांचे फोटो गोंडस येतात, पण त्यांचा दुसरा दिवस तुम्हालाच काढायचा असतो.

कौतुक नेमकं करा. "छान केलंस" यापेक्षा "प्रत्येक रेघेवर थांबलीस, मी बघितलं." चुकलं असेल तर त्याचा किस्सा मुलासमोर रंगवून सांगणाऱ्या काकांना आवरा. माझी लेक बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लागला की अजून खोलीतून निघून जाते.

टोपली, डबी, उसने दागिने त्याच रात्री परत करा. आम्ही टोपली ठेवून घेतली आणि पुढचे आठ दिवस घरात रोज एक लग्न लागलं. उशांचे पाहुणे, लोडाचे आजोबा, सगळीकडे वर्तमानपत्राच्या चिंध्या. आवर म्हटलं तर कमरेवर हात ठेवून उत्तर मिळायचं, "टाकणं माझं काम."